वर्ध्याचे न पोहोचलेले पत्र आणि मुक्ततेची तिकिटे

१/
पत्रावर दिनांक आहे २३ जुलै १९३९. वर पत्ता वर्ध्याचा, खाली सही गांधीजींची, आणि पत्र ज्याला लिहिले त्याचे नाव हेर हिटलर, बर्लिन. गांधीजी त्या दिवशी वर्ध्यात नव्हते. ते वायव्य सरहद्द प्रांतातील अबटाबादला होते. तरी कायमचा पत्ता म्हणून कागदावर वर्धाच उमटले. मजकूर थोडा आहे. मानवतेसाठी तुम्हाला लिहावे असा मित्रांचा आग्रह आहे, आणि युद्ध टाळू शकेल अशी व्यक्ती आज जगात एकच आहे, ती म्हणजे तुम्ही, असा त्याचा आशय. ब्रिटिश सरकारने हे पत्र पुढे जाऊ दिले नाही. चाळीस दिवसांनी जर्मन फौजा पोलंडमध्ये शिरल्या.

२/
या थ्रेडचा विषय आहे नाझी छळछावण्यांच्या मुक्ततेची स्मृती जपणारी टपाल तिकिटे. त्यात वर्ध्याचा संबंध कोठून आला, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. संबंध असा की, जगाच्या नजरेआड सोसलेल्या दुःखात अन्यायी सत्तेला नमवण्याचे बळ असते का, हा वाद १९३८-३९ मध्ये वर्ध्याच्या पत्त्याभोवती लढला गेला, तोही लेखांतून आणि पत्रांतून. त्या वादात ज्या साक्षीची उणीव बोलून दाखवली गेली, ती साक्ष पुढे अनेक राष्ट्रांनी तिकिटाच्या इंचभर कागदावर नोंदवली. मात्र ती उशिरा आली, आणि प्रत्येकाने ती आपापल्या सोयीने नोंदवली.

३/
आधी पत्त्याविषयी. गांधीजी १९३४ मध्ये वर्ध्याला आले आणि मगनवाडीत राहिले. ३० एप्रिल १९३६ रोजी ते जवळच्या सेगाव या खेड्यात राहावयास गेले. जगभरातून त्यांच्या नावाने टपाल येई. पण बुलढाणा जिल्ह्यात, रेल्वेमार्गावर, शेगाव नावाचे प्रसिद्ध गाव आधीपासून होते. सेगाव आणि शेगाव यांच्या गोंधळात पत्रे भलतीकडे जाऊ लागली. अखेर मार्च १९४० मध्ये सेगावचे ‘सेवाग्राम’ झाले. आज जे नाव तत्त्वज्ञानातून सुचल्यासारखे वाटते, ते बदलण्याची गरज टपालाने निर्माण केली होती.

४/
त्या काळी वर्ध्याहून निघणाऱ्या पाकिटांवर १९३७ च्या मालिकेतील तिकिटे असत. दोन आण्यांच्या तिकिटावर धावणारा डाकवाला, अडीच आण्यांवर बैलगाडी, तीन आण्यांवर टांगा, साडेतीन आण्यांवर उंटाची डाक, चार आण्यांवर आगगाडी. चित्रे सगळी हिंदुस्थानची. पण प्रत्येक तिकिटावर सहाव्या जॉर्ज राजाचा मुखवटाही होता. तिकीट ही पैसे भरल्याची पावती असते, तशीच ती राजसत्तेची मुद्राही असते. या देशात कोणाची सत्ता चालते आणि कोणाचा मान राखायचा, हे ती न बोलता सांगते. पुढचे सर्व समजण्यासाठी एवढे ध्यानात असावे.

५/
९ आणि १० नोव्हेंबर १९३८. जर्मनी आणि ऑस्ट्रियात ज्यूंची प्रार्थनामंदिरे जाळली गेली, दुकाने फोडली गेली, माणसे मारली गेली. सुमारे ३०,००० ज्यू पुरुषांना पकडून डाखाउ, बुखेनवाल्ड आणि साक्सेनहाउसेन या छावण्यांत डांबण्यात आले. डाखाउची छावणी तर मार्च १९३३ पासूनच चालू होती. सेगावला ही वार्ता केवळ वर्तमानपत्रांतून कळत होती असे नाही. ज्यू म्हणून बर्लिनमधील नोकरी गमावलेल्या शिक्षिका मार्गारेट श्पीगल १९३३ मध्येच गांधीजींकडे आल्या होत्या. गांधीजी त्यांना ‘अमला’ म्हणत.

६/
२० नोव्हेंबर १९३८ रोजी सेगावात गांधीजींनी ज्यूंविषयी लेख लिहिला. तो २६ तारखेच्या ‘हरिजन’मध्ये छापून आला. ज्यूंविषयी त्यांची सहानुभूती त्यात स्पष्ट आहे. मानवतेसाठी एखादे युद्ध कधी न्याय्य ठरू शकत असेल, तर या छळाविरुद्ध जर्मनीशी केलेले युद्ध ठरेल, इथवर ते येतात. आणि लगेच, आपला कोणत्याच युद्धावर विश्वास नाही, असे सांगतात. जर्मनीतील ज्यूंना त्यांचा सल्ला एकच होता: सत्याग्रह करा. दक्षिण आफ्रिकेत हिंदी लोकांनी हाच मार्ग धरला होता, असा दाखलाही त्यांनी दिला.

७/
हा सल्ला आज वाचताना मन थबकते. त्यामागे कोणता अनुभव होता, हे पाहिल्यावाचून तो नीट कळत नाही. ‘कॉन्सन्ट्रेशन कॅम्प’ हे शब्द गांधीजींना नवे नव्हते. १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात ब्रिटिशांनी बोअर स्त्रिया आणि मुले अशाच छावण्यांत कोंडली होती. उपासमार आणि रोगराई यांनी तेथे २६ ते २८ हजार बोअर दगावले. त्यांत बहुसंख्य मुले होती. कृष्णवर्णीय आफ्रिकनांच्या छावण्या वेगळ्या होत्या, आणि तेथेही हजारो माणसे मेली. त्या युद्धात गांधीजींनी हिंदी शुश्रूषा पथक उभारले होते. बोअर स्त्रियांच्या धैर्याविषयी त्यांनी पुढे ‘दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाचा इतिहास’ या ग्रंथात आदराने लिहिले.

८/
तेथे त्यांचा निष्कर्ष असा की, या स्त्रियांचा आक्रोश इंग्लंडमध्ये पोहोचला तेव्हा इंग्रजांची मने द्रवली. धैर्याने सोसलेले दुःख दगडालाही पाझर फोडते. यातील ‘पोहोचला’ हा शब्द महत्त्वाचा. तो आक्रोश आपोआप पोहोचला नव्हता. एमिली हॉबहाउस ही इंग्रज स्त्री स्वतः त्या छावण्यांत गेली, तेथील मुलांचे मरण पाहिले आणि १९०१ मध्ये लंडनला परतून अहवाल प्रसिद्ध केला. पार्लमेंटात प्रश्न उठले, वृत्तपत्रांत रणे माजली. छावणी आणि जनता यांच्या मध्ये एक साक्षीदार उभा होता, आणि त्याचे तोंड बंद करण्यात सरकारला यश आले नाही.

९/
नेमके येथेच मार्टिन बूबर यांनी बोट ठेवले. हे ज्यू तत्त्वज्ञ १९३८ मध्ये जर्मनी सोडून जेरुसलेमला आले होते. २४ फेब्रुवारी १९३९ च्या त्यांच्या प्रदीर्घ पत्रात एक रोखठोक प्रश्न आहे: छळछावणी म्हणजे काय आणि तेथे काय चालते, हे महात्म्याला ठाऊक आहे काय? दक्षिण आफ्रिकेशी केलेली तुलना त्यांना मान्य नव्हती. हौतात्म्य कोणी पाहिले तरच त्याची साक्ष होते. कोणाच्याही दृष्टीस न पडता माणसे संपवली जातात, तेथे ते वाऱ्यावर उधळले जाते, असा त्यांचा युक्तिवाद होता. या पत्राला सेगावहून उत्तर गेल्याची नोंद नाही.

१०/
याच सुमारास गांधीजींचे जुने स्नेही हर्मन कालेनबाख सेगावला आले होते. जोहान्सबर्गचे वास्तुशिल्पी, जन्माने ज्यू. टॉलस्टॉय फार्मसाठी १९१० मध्ये १,१०० एकर जमीन वापरायला दिली ती त्यांनीच. पहिल्या महायुद्धात जर्मन प्रजाजन म्हणून ब्रिटिशांनी त्यांना स्थानबद्ध केले होते; आयल ऑफ मॅनवरील छावणीत ते राहिले, आणि गांधीजींची पत्रे त्यांना तेथेही मिळत. फेब्रुवारी १९३९ च्या ‘हरिजन’मध्ये गांधीजींनी आपल्यासोबत राहणाऱ्या एका ज्यू मित्राचा उल्लेख केला आहे. त्याला अहिंसा बुद्धीने पटते. पण हिटलरसाठी प्रार्थना करणे आपल्याला शक्य नाही, असे तो म्हणतो. हा मित्र म्हणजे कालेनबाख. त्यांच्यावर रागावण्याची इच्छा गांधीजींना झाली नाही.

११/
आता जर्मन छावण्यांतील टपाल पाहू. डाखाउ, बुखेनवाल्ड यांसारख्या छावण्यांत कैद्यांना छापील पत्रे मिळत, आणि पत्राच्या माथ्यावरच नियम छापलेले असत. महिन्याला दोन पत्रे किंवा दोन कार्डे. मजकूर फक्त जर्मन भाषेत, सुवाच्य. सुटकेसाठी अर्ज करण्यात अर्थ नाही. पोलिश आईला आपल्या मुलाचे पत्र परक्या भाषेत यावे, आणि त्यातील प्रत्येक ओळ तपासनिसाच्या हाताखालून गेलेली असावी, अशी ही व्यवस्था होती. पत्रावर तिकीट लावावे लागे. १९४१ नंतरच्या साध्या बारा फेनिगच्या तिकिटावर चेहरा होता हिटलरचा.

१२/
याहून भीषण प्रकार आउश्विट्झ-बिर्केनाउचा. थेरेझिनश्टाट येथून आणलेल्या ज्यू कुटुंबांना मार्च १९४४ च्या आरंभी नातलगांसाठी पोस्टकार्डे लिहायला लावली: आम्ही खुशाल आहोत. कार्डांवर तारीख मात्र त्याच महिन्याच्या अखेरची घालून घेतली. ८ मार्चच्या रात्री त्यांतील सुमारे ३,८०० जणांना विषारी वायूच्या कोठड्यांत मारण्यात आले. कार्डे नंतर रवाना झाली. पत्र म्हणजे लिहिणाऱ्याच्या हयातीचा पुरावा, हा टपालाचा सर्वांत जुना विश्वास. तोच येथे खोटी साक्ष देण्यास जुंपला गेला. बूबर यांनी १९३९ मध्ये जे भय व्यक्त केले, त्याच्या कितीतरी पलीकडचे हे होते.

१३/
मग मुक्ततेच्या तारखा सुरू होतात. मायदानेक, जुलै १९४४. आउश्विट्झ, २७ जानेवारी १९४५. तेथे सोव्हिएत सैनिकांना सुमारे ७,००० कैदी जिवंत सापडले, जेथे सुमारे ११ लाख माणसे मारली गेली होती. बुखेनवाल्ड, ११ एप्रिल. बेर्गेन-बेल्सेन, १५ एप्रिल. साक्सेनहाउसेन, २२ एप्रिल. डाखाउ, २९ एप्रिल. राव्हेन्सब्रुक, ३० एप्रिल. माउटहाउसेन, ५ मे. याच तारखा पुढे तिकिटांच्या आणि शिक्क्यांच्या विषय झाल्या. कालेनबाख त्यांतील बहुतेक पाहू शकले नाहीत. मार्च १९४५ मध्ये जोहान्सबर्ग येथे त्यांचे निधन झाले.

१४/
मुक्ततेचे पहिले तिकीट कोणते? शास्त्रशुद्ध उत्तर बाजूला ठेवले, तर १९४५ च्या उन्हाळ्यातील काळी पडलेली तिकिटे डोळ्यांसमोर येतात. राजवट कोसळली, पण टपाल कचेऱ्यांत हिटलरच्या मुखवट्याचे साठे पडून होते आणि नवी तिकिटे छापायला कागद नव्हता. सॅक्सनीतील अनेक गावांत टपाल कर्मचाऱ्यांनी तो चेहरा काळ्या शाईने बुजवून तीच तिकिटे विकली. ऑस्ट्रियात त्याच चेहऱ्यावर देशाचे नाव छापले गेले. नवा नायक सापडण्यापूर्वी जुना पुसून टाकण्याची ही घाई होती.

१५/
छावणीला प्रत्यक्ष नाव देऊन काढलेले एक अगदी आरंभीचे तिकीट पोलंडचे, १९४६ मधील. त्यावर मायदानेक छावणी आणि तिच्यावर विषारी वायू पसरवणारा मृत्यू. ज्या देशाच्या भूमीवर हे घडले, त्याच्या टपाल खात्याने वर्षभरातच एवढे थेट चित्र पाकिटांवर पाठवले. त्याला सौंदर्यदृष्टीचे निकष लावणे व्यर्थ आहे. ‘आम्ही खुशाल आहोत’ या खोट्या कार्डांना टपालाच्याच भाषेत दिलेले ते उत्तर होते.

१६/
पूर्व जर्मनीने हा विषय सर्वांत चिकाटीने हाताळला. १९५० च्या दशकात तेथे अधिभार असलेली तिकिटे निघाली. दर्शनी किमतीहून घेतलेले जादा पैसे बुखेनवाल्ड, राव्हेन्सब्रुक आणि साक्सेनहाउसेन येथील राष्ट्रीय स्मारकांच्या उभारणीला गेले. १४ सप्टेंबर १९५८ रोजी बुखेनवाल्डचे स्मारक खुले झाले, तेव्हा तिकिटावर ती तारीखही अधिमुद्रित झाली. परंतु या मालिकांतील चेहरे प्रामुख्याने कम्युनिस्ट आणि अन्य फॅसिस्टविरोधी लढवय्यांचे. केवळ ज्यू म्हणून मारल्या गेलेल्या माणसाला त्यात जागा थोडीच मिळाली. १९६३ मध्ये मात्र नोव्हेंबर १९३८ च्या रात्रीची आठवण देणारे एक तिकीट निघाले.

१७/
पश्चिम जर्मनीने १९७९ मध्ये अ‍ॅन फ्रँकचे तिकीट काढले. ती जिवंत असती, तर त्या वर्षी पन्नास वर्षांची झाली असती. मुक्ततेपूर्वी काही आठवडे बेर्गेन-बेल्सेनमध्ये तिचा मृत्यू झाला होता. छळछावण्यांतील कैद्यांच्या मुक्ततेलाच वाहिलेले लघुपत्रक १९९५ मध्ये, म्हणजे पन्नास वर्षांनी आणि दोन्ही जर्मनी एक झाल्यावर, निघाले. मायदानेकचे तिकीट आणि हे पत्रक यांच्यामध्ये एक कमी पन्नास वर्षे आहेत. ज्यांच्यावर अत्याचार झाला त्यांनी लगेच बोलणे आणि ज्यांच्या नावाने झाला त्यांनी बोलणे, यांतील हे अंतर आहे.

१८/
संयुक्त राष्ट्रसंघाने २७ जानेवारी हा स्मृतिदिन २००५ मध्ये ठरवला. २००८ मध्ये त्या दिवसासाठी संयुक्त राष्ट्रसंघ आणि इस्रायल यांनी मिळून तिकीट काढले. त्यात काटेरी तार फुलाचा देठ होते. चित्र सुंदर आहे, आणि म्हणूनच एक गोष्ट विसरता कामा नये. ट्रेब्लिंका येथे आठ लाखांहून अधिक माणसे मारली गेली, आणि १९४३ मध्ये जर्मनांनीच ते ठिकाण पाडून जमीन सपाट केली. बेल्झेत्स आणि सोबिबोर यांचेही तेच झाले. तेथे मुक्त करायला कोणी उरलेच नव्हते. त्यामुळे त्यांना मुक्ततेची तारीख नाही, आणि मुक्ततेचे तिकीटही नाही.

१९/
या कथेत बडोद्याचाही एक धागा आहे. बडोद्यात जन्मलेले संगीतज्ञ आणि सूफी उपदेशक हजरत इनायत खान यांची कन्या नूर इनायत खान १९४३ मध्ये ब्रिटिशांची गुप्त बिनतारी संदेशवाहक म्हणून व्याप्त फ्रान्समध्ये उतरली. पकडली गेली, आणि १३ सप्टेंबर १९४४ रोजी डाखाउ येथे तिला गोळी घालण्यात आली. मुक्तता तेथे साडेसात महिन्यांनी पोहोचली. ब्रिटनने तिला १९४९ मध्ये मरणोत्तर जॉर्ज क्रॉस दिला आणि २०१४ मध्ये तिचे तिकीट काढले. संदेश पोहोचवणे हेच जिचे काम होते, तिला टपालाच्या तिकिटावर स्थान मिळावे, हे यथोचित झाले.

२०/
आणि गांधीजी? छावण्यांचे सत्य उघड झाल्यावर १९४६ मध्ये लुई फिशर यांनी त्यांना या विषयावर छेडले. ज्यूंचा हा संहार म्हणजे आपल्या काळातील सर्वांत मोठा गुन्हा, असे गांधीजी म्हणाले. पण ज्यूंनी स्वतःहून मरण पत्करायला हवे होते, त्याने जग जागे झाले असते, हे मतही त्यांनी सोडले नाही. फिशर यांनी लिहिलेल्या गांधीचरित्रात हा संवाद आहे. तो वाचून कोणी अस्वस्थ झाले, तर ते योग्यच आहे. सेवाग्रामच्या कुटीबद्दलचा आदर आणि या उत्तराबद्दलची असहमती एकाच मनात राहू शकतात. इतिहासाच्या अभ्यासकाला तेवढे आवरता आले पाहिजे. हॉबहाउसविना छावणी कशी असते, हे बूबर सांगत होते, आणि ते खरे ठरले होते.

२१/
टपालाने गांधीजींचाही हिशेब पुरा केला. १५ ऑगस्ट १९४८ रोजी स्वतंत्र भारताने त्यांची चार तिकिटे काढली. ती स्वित्झर्लंडमध्ये छापली गेली. १९६९ या जन्मशताब्दी वर्षात अनेक देशांनी त्यांना तिकिटावर आणले. त्यांत ब्रिटन होते, ज्याच्या सरकारने वर्ध्याच्या पत्त्याचे ते पत्र अडवले होते. बिमान मल्लिक यांनी ते तिकीट रेखाटले. आणि त्यांत पश्चिम जर्मनीही होती, जेथे ते पत्र कधी पोहोचले नाही. पत्र गेले नाही. तीस वर्षांनी पत्र लिहिणाऱ्याचा चेहरा मात्र तेथल्या पाकिटांवरून घरोघर गेला.

२२/
म्हणून स्मृतीचे कोणतेही तिकीट हाती आले की तीन प्रश्न विचारावेत. ते कोणी काढले? घटनेनंतर किती वर्षांनी काढले? आणि त्यावर कोण नाही? तिकीट मेलेल्याला परत आणत नाही, आणि उशिरा दिलेली साक्ष वेळेवर दिलेल्या साक्षीची जागा घेत नाही. पण माणसे पुसून टाकून वर ‘खुशाल आहोत’ अशी कार्डे पाठवणाऱ्या व्यवस्थेविरुद्ध, लाखो पाकिटांवर चिकटलेला इंचभर कागद एवढे तरी सांगतो की हे घडले होते, आणि ज्यांच्यावर घडले त्यांना नावे होती. ट्रेब्लिंकासाठी एवढेही सांगणे अवघड आहे. तेथे ते काम अभ्यासकांवर येते.